नावाआधी वाडी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुणाचे तरी नाव मोबाइलवर टाकायचे, न्यायालयाच्या संकेतस्थळावर त्या नावाचे जे खटले येतील आणि कंपन्यांच्या नोंदीत जे संचालक दिसतील त्यांची पडद्यावरची चित्रे (स्क्रीनशॉट) काढायची, आणि ‘बघा हा कोण आहे’ म्हणून गावाच्या गटावर टाकून द्यायची, ही रीत आता रत्नागिरी-सिंधुदुर्गात चांगलीच रुळली आहे. निवडणूक असो, जमिनीचा व्यवहार असो की मुलीसाठी आलेले स्थळ असो. त्या चित्रांतली नोंद बहुतेक वेळा खरीच असते. फक्त ती त्याच माणसाची आहे का, हे कुणी पाहिलेले नसते. महसूल, दुय्यम निबंधक आणि न्यायालय या तीन कचेऱ्यांत ज्यांची नोकरी नावे लिहिण्यात आणि शोधण्यात गेली, असे आम्ही काही निवृत्त कर्मचारी मिळून हे लिहीत आहोत.

कोकणात हा घोळ जास्त का होतो, याची कारणे साधी आहेत. एका वाडीत एकच आडनाव, हे आपल्याकडे सर्रास. त्यात आजोबांचे नाव नातवाला ठेवायची पद्धत. त्यामुळे दोन सख्ख्या भावांनी आपापल्या थोरल्या मुलाला आजोबांचेच नाव दिले की नाव आणि आडनाव सारखे असलेले दोन चुलतभाऊ तयार. तिथे निदान बापाचे नाव वेगळे असते. पण रामाचा मुलगा गणू, गणूचा मुलगा पुन्हा रामा, असे चालू राहिले की आजा ‘रामा गणू’ आणि नातूही ‘रामा गणू’. नाव, बापाचे नाव, आडनाव, गाव, सगळे जुळते. फरक असतो फक्त साठ वर्षांचा, आणि सातबारावर वय लिहिलेले नसते.

गावाच्या नावावरही विसंबता येत नाही. खेड म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातले की पुण्याजवळचे? माणगाव म्हणजे रायगडातले तालुक्याचे ठिकाण की कुडाळ तालुक्यातले गाव? शिवाय १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्याच वर्षी कुलाब्याचे रायगड झाले. मालवणात जन्मलेल्या माणसाच्या १९८१ पूर्वीच्या दाखल्यावर ‘जि. रत्नागिरी’ आणि नंतरच्या कागदावर ‘जि. सिंधुदुर्ग’ असेल तर माणसे दोन ठरत नाहीत. उलट दोन्हीकडे ‘रत्नागिरी’ आहे म्हणून माणूस एकच असेही नाही.

सगळ्यात जास्त नुकसान जमिनीत होते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

पन्नास-साठच्या दशकांतले फेरफार, म्हणजे सातबारावरचे नाव बदलल्याच्या नोंदी, काढून पाहिले तर बहुतेकांना आडनावच नसते. ‘गणू बिन रामा’, ‘धोंडू वल्लद बाळा’, ‘लक्ष्मी भ्रतार गणू’, ‘पार्वती कोम विठू’ अशा नोंदी असतात. बिन किंवा वल्लद म्हणजे अमक्याचा मुलगा, भ्रतार किंवा कोम म्हणजे अमक्याची बायको. हे शब्द न कळल्यामुळे पुढे नक्कल करताना ‘बिन’ गळतो आणि ‘गणू रामा’ उरतो, किंवा भ्रतारापुढचे नवऱ्याचे नाव बापाचे म्हणून चढते. नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ असेल तर ते एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेले नाव असते, एकट्याच्या मालकीचे नव्हे. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञानाचा, वयात न आलेल्या मुलाचा, पालनकर्ता. तो चुलता असू शकतो, मामाही असू शकतो. संगणकावर नोंदी चढवताना ही अक्षरे सुटली तर सामाईक जमीन एका माणसाची दिसू लागते, आणि त्याच नावाचा कुणीतरी वाडीत असतोच.

तेव्हा ‘हा सातबारा कुणाचा’ हे पाहायचे तर नाव शेवटी वाचावे. आधी गट किंवा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर पाहावा, मग खाते क्रमांक. गाव नमुना आठ-अ काढला की त्या खात्यावर गावात आणखी कुठल्या जमिनी आहेत ते कळते. अगदी वेगळ्या दोन वाड्यांतल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या जमिनी एका खात्यावर दिसल्या तर दोन माणसांची खाती एकच समजून जोडली गेली नाहीत ना, हे तपासावे. मग सातबारावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक एकेक करून टिपावेत आणि गाव नमुना सहाच्या, म्हणजे फेरफाराच्या वहीच्या, नकला मागाव्यात. सर्वांत नव्या फेरफारापासून मागे मागे जात, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळाला मिळालेल्या जमिनीपर्यंत किंवा १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतरच्या नोंदीपर्यंत पोहोचायचे. साखळीत एक फेरफार जरी मिळाला नाही तरी तिथे थांबायचे, अंदाजाने पुढे जायचे नाही. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो हे चांगलेच आहे, पण तो आजची स्थिती सांगतो. आज लागलेले नाव कुठल्या रामाचे, हे फक्त फेरफार सांगतो. अलीकडे सातबारावर ११ अंकी भू-आधार क्रमांक येतो. तो जमिनीची ओळख आहे, मालकाची नव्हे.

इथे एक हिशेब कुणीही घरी बसून करू शकतो, आणि मुंबईहून येऊन कोकणात जागा घेणारे नेमका तोच करत नाहीत. समजा १९६२ च्या फेरफाराने ‘रामा गणू’ हे नाव लागले आहे. विकायला आलेल्या रामा गणूच्या आधारवर जन्मसाल १९६८ आहे. म्हणजे नाव लागले तेव्हा हा जन्मलाच नव्हता. हा नातू. मग मधला गणू कधी वारला, त्याची वारस नोंद कुठे आहे, गणूच्या बहिणी-भावांचे, म्हणजे याच्या आत्या-चुलत्यांचे, हिस्से कुठे गेले? आजोबांचे नाव आयतेच जुळते म्हणून वारस नोंद न करता नातवाने मालक म्हणून सही ठोकायची, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. कधी तो लबाडीने होतो, कधी निव्वळ कंटाळ्याने. पुढे खरेदीदार बापडा न्यायालयाच्या पायऱ्या झिजवतो.

दुय्यम निबंधकांच्या कचेरीतली, नोंदवलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात, ती इथे कामाला येते. तिच्यात लिहून देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे वय आणि पत्ता असतो, अलीकडच्या दस्तांत पॅनही. त्याच नावाच्या माणसाने १९९८ साली दस्त केला असेल आणि तेव्हाचे वय ४० असेल तर जन्मसाल १९५८ च्या आसपास. दोन-चार वर्षांचा फरक सोडून द्यावा, दस्तात वय तोंडी सांगितले जायचे. दहा-बारा वर्षांचा फरक मात्र सोडू नये. जुन्या दस्तांत तर ‘वय सज्ञान’ एवढेच असते. तिथे साक्षीदार आणि ओळख पटवणारे कोण, ते कुठल्या वाडीचे, हे पाहावे लागते. दस्तावर ओळख पटवणारा बहुधा त्याच वाडीचा किंवा नात्यातला असतो.

आता नोंद करताना चूक कुठे होते ते सांगतो. माणूस वारल्यावर वारसांनी तीन महिन्यांत कळवायचे, ही महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या, कलम १४९ ची अपेक्षा. अर्जाची नोंद वारसा प्रकरणांच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये होते. वारसांची चौकशी झाली की सहामध्ये फेरफार धरला जातो आणि कलम १५० खाली हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीला पंधरा दिवस. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आता नोटिशीवर पत्ता काय असतो? नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका. कोकणातले गाव म्हणजे डोंगर-वहाळांत विखुरलेल्या दहा-बारा वाड्या. वरच्या वाडीतल्याची नोटीस खालच्या वाडीतला त्याच नावाचा माणूस सही करून घेतो, न वाचता चुलीपाशी ठेवतो, आणि पंधरा दिवस निघून जातात. खरा माणूस परळला किंवा विरारला. तो गणपतीला येतो तोवर नोंद पक्की झालेली असते. म्हणून अर्ज करणाऱ्याने प्रत्येक हितसंबंधिताच्या नावाखाली वाडी, घर क्रमांक आणि मुंबईतला पत्ता लिहावाच. तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, हे सांगायची वेळ येऊ नये. पण त्यांच्याकडे तीन-तीन गावे असली की तीही येते.

मृत्यूच्या दाखल्यातही सारख्या नावाचा फटका बसतो. दाखल्यावर नाव जुळले की झाले, असे समजून दुसऱ्याच रामाच्या मृत्यूवर वारस लागल्याची उदाहरणे महसुली दाव्यांत सापडतात. दाखल्यावरचे आईचे नाव आणि मृत्यूचे ठिकाण वाचायला एक मिनिट लागते.

चूक झालीच तर उपाय दोन, आणि ते वेगळे आहेत. नक्कल करताना झालेली लेखनाची चूक, म्हणजे ‘धोंडू’चा ‘धोंडी’ झाला किंवा ए. कु. मॅ. गळले, तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज. सोबत जुना हस्तलिखित सातबारा आणि मूळ फेरफार जोडावा. पण त्याच नावाचा दुसराच माणूस प्रमाणित फेरफाराने लागला असेल तर ती लेखनाची चूक नव्हे. तिथे कलम २४७ चे अपील, उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, साठ दिवसांत. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज आणि उशिरा का कळले त्याचे कारण. लोक १५५ चा अर्ज करून वर्ष घालवतात, तो फेटाळला जातो, मग अपिलाला आणखी उशीर. सोसायटीच्या कर्जाचा इकरार, म्हणजे बोजा, चुकून नामसारख्याच्या सातबारावर चढला असेल तर त्यातल्या त्यात सोपे: सोसायटीचे खाते क्रमांकासह पत्र आणि तलाठ्यांकडे अर्ज.

निवडणुकीतल्या नामसाधर्म्याबद्दल या पट्ट्यात वेगळे सांगायला नको. २०१४ च्या लोकसभेला रायगड मतदारसंघात अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना २,११० मतांनी हरवले आणि तटकरे यांच्याच नावाच्या एका अपक्षाला नऊ हजारांहून जास्त मते पडली. त्या मतदारसंघात आपले दापोली आणि गुहागरही येते. सारख्या नावाचे उमेदवार असतील तर धंदा किंवा राहण्याचे ठिकाण जोडून ते वेगळे दाखवायचे, अशी तरतूद १९६१ च्या निवडणूक नियमांत आहे. २०१५ पासून मतयंत्रावर उमेदवाराचे छायाचित्रही येते. पण मतदार यादीत तुमचे-आमचे असे छायाचित्र कोण बारकाईने बघतो? २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे लावले गेले. त्यात सारख्या नावाची दोन खरी माणसेही अडकू शकतात. ओळखपत्राचा क्रमांक वेगळा असेल तर ते मतदान केंद्रावरच्या अधिकाऱ्याला शांतपणे दाखवावे, वाद घालू नये. वाडीतला एक नामसारखा वारला असेल तर जिवंत असलेल्याने यादीत आपले नाव राहिले आहे की नाही ते मतदानाच्या दिवशी नव्हे, प्रारूप यादी लागते तेव्हाच पाहावे.

न्यायालयाच्या संकेतस्थळाबद्दल. पक्षकाराच्या नावाने शोधले की तालुक्यातले त्या नावाचे सगळे समोर येतात, बहुतेक ठिकाणी बापाच्या नावाशिवाय. रोमन अक्षरांत ‘सावंत’ कुणी ‘डब्ल्यू’ने लिहितो, कुणी ‘व्ही’ने. एकाच स्पेलिंगने शोधून ‘काही नाही’ म्हणणे जितके चूक, तितकेच चार ओळी पाहून ‘चार खटले आहेत’ म्हणणे. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक असतो. त्यात राज्य, जिल्हा, न्यायालय, अनुक्रम आणि शेवटी वर्ष. तो टाकून निकालपत्र किंवा आदेश उघडला की पहिल्याच पानावर ‘वय, धंदा, राहणार’ मिळते. तिथे माणूस ठरतो. आणि प्रकरण कसले आहे तेही बघा. ‘आरसीएस’ म्हणजे दिवाणी दावा. कोकणातल्या वाटपाच्या दाव्यात तीस-चाळीस प्रतिवादी सहज असतात. ‘प्रतिवादी क्रमांक १७’ असणे म्हणजे गुन्हेगार असणे नव्हे, मोठ्या कुटुंबात जन्मणे एवढेच. धनादेश न वटल्याची प्रकरणे ‘एससीसी’, म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटल्यांमध्ये येतात. उमेदवाराबाबत तर एवढी शोधाशोधही नको. त्याचे शपथपत्र प्रसिद्ध होते, प्रलंबित खटले त्याने स्वतः लिहिलेले असतात, तेच समोर ठेवून प्रकरण क्रमांक जुळवावा.

धंदा-व्यवसायाच्या नोंदींचे त्यापेक्षा सोपे आहे, कारण इथे प्रत्येकाला क्रमांक असतो. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा आणि चिठ्ठी, दाखला, पावती यांवर छापायचा, असे २००२ च्या आचारसंहितेतच आहे. तो क्रमांक घेऊन महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत बघावे. नाव टाकून शोधाल तर मुंबई-पुण्याचे पाच जण सापडतील. एखादा सापडलाच नाही तर लगेच ‘बोगस’ म्हणू नये. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या नोंदवह्या वेगळ्या परिषदांकडे असतात. बाई डॉक्टर असतील तर पदवी आणि नोंदणी माहेरच्या नावाने, पाटी सासरच्या नावाने असते. वकिलाच्या सनदेचा क्रमांक ‘एमएएच’, मग अनुक्रम, मग वर्ष, असा असतो. एकाच नावाच्या दोन वकिलांत सनदेचे वर्षच पुरे पडते. सनदी लेखापालाच्या दाखल्यावर १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या दाखल्याचा ओळख क्रमांक, असतो. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा त्याच्या सभासद क्रमांकाचे. दाखला कुणी दिला हे नाव न वाचताही कळते. वास्तुविशारदाला १९७२ च्या कायद्याने परिषदेचा क्रमांक आहे. स्थापत्य अभियंत्यांसाठी अशी देशभराची वैधानिक परिषद नाही, त्यामुळे ‘इंजिनिअर’ म्हणून घर बांधून देणाऱ्याचा परवाना नगरपालिकेकडे विचारावा. कंपनीचा संचालक असेल तर आठ अंकी डीआयएन, म्हणजे संचालकाचा ओळख क्रमांक. एका नावाचे दहा संचालक देशात असतात, एका डीआयएनचा एकच. कर्जाच्या अहवालात दुसऱ्याचे कर्ज दिसले तर तो अहवाल देणाऱ्या पतमाहिती कंपनीकडे (सिबिलसारख्या) लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दररोज १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. फार थोड्यांना तो माहीत आहे.

बंदरावरच्या लोकांना हे कधीच उमगले आहे. एकाच देवीचे नाव असलेल्या कितीतरी नौका एका जेटीला लागतात. म्हणून मत्स्य विभागाचा माणूस नाव वाचत नाही, नौकेवर रंगवलेला ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा क्रमांक वाचतो.

२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचे नाव लावायचा निर्णय घेतला. त्याचा मान-सन्मानाचा भाग आहेच, पण आमच्यासारख्या नोंदी चाळणाऱ्यांना त्याचा फायदा निराळा वाटतो. आजा आणि नातू दोघांची आई सारख्या नावाची असणे अवघड. जन्माच्या नोंदीत आईचे नाव चुकले असेल तर १९६९ च्या कायद्याच्या कलम १५ खाली निबंधकाकडून ते दुरुस्त होते. मूल शाळेत जायच्या आत ते करून घ्यावे. शाळेच्या दाखल्यावर एकदा चढलेले नाव पुढे पॅन, आधार, सातबारा असे सगळीकडे जाते.

आता आपल्या वृत्तपत्राकडे मागणे. गुन्ह्याच्या बातमीत ‘अमुक आडनावाच्या इसमास अटक’ एवढे छापू नये. फिर्यादीत पूर्ण नाव, वय आणि पत्ता असतोच. बापाच्या नावासह नाव, वय, वाडी आणि तालुका छापावा, आणि तेवढे मिळाले नसेल तर नावच छापू नये. डॉक्टर, वकील, दलाल यांच्यावरची बातमी असेल तर नोंदणी क्रमांक विचारून घ्यावा. बातमीमुळे नामसारख्याला त्रास झाला तर त्याला आज ‘जाहीर खुलासा’ स्वतःच्या पैशाने छापावा लागतो. बातमीत वय आणि वाडी नव्हती म्हणून घोळ झाला असेल तर तो खुलासा विनामूल्य, आणि बातमी जिथे आली त्याच पानावर द्यावा.

दुसरे, जमिनीच्या जाहीर नोटिसांबद्दल. ‘मौजे अमुक येथील मिळकत श्री. अमुक यांचे मालकीची असून...’ अशा नोटिसा आपण रोज छापता. त्यांत हरकतीची मुदत असते, पण नाव लागले तो फेरफार क्रमांक, मालकाची वाडी आणि वय नसते. जाहिरात स्वीकारणाऱ्या खिडकीवर एवढे तीन रकाने वाढवले तर मुंबईत बसून आपल्याच गावची नोटीस वाचणाऱ्या चुलतभावाला कळेल की हा रामा गणू आपला नव्हे, किंवा आपलाच आहे आणि फोन करायला हवा.

आपले,
महसूल, दुय्यम निबंधक व न्यायालयीन खात्यांतले काही निवृत्त कर्मचारी,
राजापूर व कणकवली

(आमची नावे आपल्याकडे दिली आहेत. ती वाडी आणि वयासह आहेत.)